डोंगर थांबला तो आठवडा

समोरचा डोंगर मी आठवडाभर थांबवून धरला होता, तोही एका प्लास्टिकच्या पिशवीच्या जोरावर.

यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या दरीकडच्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाला, हवेचं तापमान मोजणारी एक पांढरी डबी आहे. पाऊस तिरका आला की तिच्यात पाणी शिरायचं आणि ती काहीच्या काही आकडे द्यायची. एकदा वैतागून मी तिच्यावर नव्या शर्टाची पारदर्शक पिशवी चढवली, खालून रबर लावलं आणि स्वतःच्या अकलेवर खूश होत आत आलो. पाऊस उघडला, पिशवी तशीच राहिली. ऊन दिवसागणिक चढत गेलं आणि पिशवीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त जास्त तापत गेली. आता गरम हवेतून उजेड जरा चटकन जातो. म्हणून आमचं यंत्र अंतर सांगण्याआधी या डबीला विचारून घेतं, की बाई, आज हवा कशी आहे. डबी म्हणाली, भलतीच गरम. यंत्राने हिशेब केला, की मग उजेड झपझप गेला असणार, म्हणजे डोंगर दिसतो त्यापेक्षा लांब आहे. खरं तर तो डोंगर रोज थोडा आमच्याकडे घसरत होता. तो जेवढा घसरे तेवढा माझी पिशवी त्याला मागे ढकली. आठवड्याच्या शेवटी तर तो केसभर मागेच गेलेला दिसला.

डोंगर स्वतःहून उलटा चढत नाही, हे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. पण ज्याला तो मागे जायला हवा असतो त्याला कोण सांगणार? तसा माणूस आमच्याकडे होता. फणीकाका.

फणीकाकांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे हसायचं ते हसून होईल. त्यांच्या ताब्यात होती ती फणी उजेडाची. लेझरचा उजेड सलग न सोडता अतिशय बारीक आणि नेमक्या ठोक्यांनी सोडला, की उलगडून बघताना त्यात लाखभर रंग दिसतात, आणि शेजारच्या कुठल्याही दोन रंगांमधलं अंतर अगदी सारखं असतं. कंगव्याचे दात असतात तसं. हे दात घड्याळाला बांधून टाकले, की न झिजणारी, न पुसणारी एक मोजपट्टी हातात येते. तिने लांबचं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही बारीक मोजता येतं. शिवाय वाटेतल्या हवेने कोणकोणते दात किती खाल्ले ते बघितलं, की त्या हवेत वाफ किती, कुठला वायू किती, हेही कळतं. आमच्याकडे अशा दोन फण्या होत्या, दातांच्या अंतरात किंचित फरक असलेल्या. त्या एकमेकींवर धरून वाचायच्या असतात. एकीवाचून दुसरीचं चालत नाही आणि दोघींचं फार वेळ पटतही नाही. काका त्यांना जावाजावा म्हणायचे.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं, कपाटात एक लोहचुंबक होतं आणि कपाटाची किल्ली सरांच्या घरी असायची. तिथून शिकून मी या फण्यांपर्यंत आलो तेव्हा पहिल्या दिवशी काकांनी मला काय शिकवलं असेल? दार लावायला. हातात मूठ धरून, गुडघे किंचित वाकवून, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लावावं तसं. कारण दार आपटलं, टेबलाला कोपर लागलं, बाहेरून लोडेड ट्रक गेला, की फणी सुटायची. म्हणजे दात डगमगायचे, घड्याळाशी मारलेली गाठ निसटायची, आणि काकांना पुन्हा सगळं बांधत बसावं लागायचं. इतक्या वर्षांत त्यांची चाल, खोकला, शिंकसुद्धा मवाळ झाली होती. काकू सांगायच्या, “यांच्याशी भांडायचीही सोय नाही. मी सुरुवात केली की हे आधी दार लावून घेतात, तेही आवाज न करता. मग माझा राग जातो त्या दाराकडे बघण्यातच.”

तिशीपर्यंत काका चष्म्याच्या दुकानात काचा घासत होते. दुकान बुडालं, तेव्हा इथे भिंगं पुसायला आणि बसवायला हलक्या हाताचा माणूस हवा होता, म्हणून ते आले आणि राहिले. विज्ञान त्यांना बेताचंच समजायचं, आणि ते लपवायचेही नाहीत. मोठं कोडं पडलं की सरळ म्हणायचे, “हे मॅडमच्या खात्यातलं.” मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पण एका बाबतीत त्यांचा फार दरारा होता. आकडा गोल केलेला त्यांना खपत नसे. मी कंटाळून शेवटचा अंक गाळला, की मागून आवाज यायचा, “जेवलास? आता तो अंक ताटात परत ठेव.”

डोंगराची गोष्ट अशी, की दरीपलीकडे त्याच्या पायथ्याशी जुनी दगडखाण आहे. खाणीने डोंगराचा पाय कापला, वरून पाणी मुरत राहिलं, आणि उतारावरच्या घरांना भेगा पडायला लागल्या. नगरपालिकेने आमच्या संस्थेला सांगितलं, डोंगरावर नजर ठेवा. नजर ठेवायला समोर एक आरसा लागतो, उजेड आल्या वाटेने परत धाडणारा, आणि तो बसवायला दरीकडे तोंड असलेली दणकट भिंत लागते. त्या उतारावर अशी भिंत एकच होती. ती काकांच्या थोरल्या बहिणीची होती.

या बहिणीला मी आत्या म्हणायचो. आत्यांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. शिलाई मशीनवर त्यांनी ते घर एकेक खोली करत उभं केलं आणि धाकट्या भावाला त्याच घरात वाढवून कामाला लावलं. काका साठीला आले तरी त्यांना त्या ‘धाकट्या’ म्हणूनच हाक मारायच्या. आरसा बसवायला आम्ही गेलो तेव्हा म्हणाल्या, “माझ्या तोंडाला घरात धड आरसा नाही, आणि भिंतीला मात्र हा एवढा. भिंतीला कुठे लग्नाला जायचंय?”

तेव्हापासून सकाळी धुकं हटलं की आम्ही फणीने त्या भिंतीचं अंतर घ्यायचो. संध्याकाळी आत्यांचा फोन यायचा. त्यात एकच प्रश्न असायचा.

“आज किती?”

आणि शेवटच्या अंकासाठी माझ्या ताटात डोकावणारे काका खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, “नेहमीएवढंच, ताई.”

नेहमीएवढं ते कधीच नसायचं. थोडं थोडं वाढतच होतं. मी एकदा विचारलं, “काका, हा कुठला अंक ताटात राहिला?” त्यांनी चष्मा पुसला. नगरपालिकेने गावाच्या दुसऱ्या टोकाला खोल्या बांधल्या होत्या आणि उतारावरच्या लोकांना एकेक देऊ केली होती. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आत्यांनी सामान बांधायला घेतलं होतं, पण रोज एक गाठोडं बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीतरी हवं म्हणून सोडायचं, असं चाललं होतं. घर तर जाणार होतं. आत्या त्याच्याआधी बाहेर पडतात की त्याच्याबरोबर जातात, एवढाच प्रश्न होता, आणि काकांना तो प्रश्न मोठ्याने विचारायचा नव्हता.

अशा वेळी माझ्या पिशवीने डोंगर थांबवला.

मॅडम परिषदेला बाहेरगावी गेल्या होत्या. त्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी भुवई वर गेली असती. आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी अंतर कमी झालं नाही तेव्हा काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजणी पुन्हा करायला लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा करायला लावली नाही. एरवी हवा तसा आकडा आला की ते स्वतःच म्हणायचे, “इतका शहाणा आकडा? याला बाहेर उभा करा, चौकशी करू.” या आकड्याला मात्र त्यांनी आत घेतलं, खुर्ची दिली. संध्याकाळी फोन आला.

“आज किती?”

“आज काहीच नाही, ताई.”



“म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. जिथे होतं तिथेच.”

दुसऱ्या दिवशी काका बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि कारण न सांगता सगळ्यांना वाटला. जिन्यात शीळ घातली. फणीच्या खोलीजवळ शीळ घालणारा माणूस त्यांनी आदल्या वर्षी बाहेर काढला होता.

मॅडम परत आल्या त्या सोमवारी. बॅग खांद्यावरच होती, आणि त्या पडद्यावरच्या रेषेकडे बघत उभ्या राहिल्या. इतके महिने खाली उतरणारी रेषा शेवटी आडवी झाली होती.

“डोंगराला काय झालं?”

“थांबला,” काका म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“फणी म्हणाली, मॅडम.”

“आणि फणीला कोणी सांगितलं?”

काका माझ्याकडे बघायला लागले आणि मी काकांकडे. मॅडमनी बॅग खाली ठेवली आणि फणीचंच दुसरं वाचन काढलं. दरीतल्या वाफेने कुठले दात किती खाल्ले यावरून ती हवा किती गरम आहे तेही ताडता येतं. हा हिशेब किचकट, रोज कोणी करत नसे. दहा-पंधरा मिनिटांनी त्या म्हणाल्या, “फणीच्या मते दरीतली हवा कोमट आहे. डबीच्या मते दरीत भट्टी लागलीय. या दोघींपैकी एक खोटं बोलतेय.”

आम्ही तिघं मागच्या बाजूला गेलो. पिशवी उन्हात चमकत होती. आतून तिला घाम फुटला होता.

“काढा ती,” मॅडम म्हणाल्या. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिशवी काकांनी काढली. रबर बोटात अडकवलं, पिशवीची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. “रबर चांगलं आहे,” एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत मॅडमनी आठवड्याचे सगळे आकडे पिशवी वजा करून पुन्हा मांडले. डोंगर थांबला तर नव्हताच. पावसाचं पाणी आता कुठे खोलवर पोचलं होतं, आणि त्या आठवड्यात त्याने आधीपेक्षा लांब पाऊल टाकलं होतं. मॅडमनी नगरपालिकेला फोन करून ते कळवलं. आत्यांना कळवायचं काम कोणाचं, हे कोणी बोललं नाही.

दरीला वळसा घालून बस जाते. बसमध्ये काका म्हणाले, “मी सांगतो. तू फक्त मान हलव.”

“कुठल्या बाजूला?”

“ते तिथे गेल्यावर बघू.”

उतार चढून आम्ही दारात पोचलो आणि काकांचा पाय उंबऱ्यावरच थांबला. घराला ताजा रंग दिला होता. फिकट पिवळा. स्वयंपाकघराच्या भिंतीतली हात जाईल एवढी भेग सिमेंटने बुजवून वरून घोटली होती. गाठोडी सुटली होती, भांडी फळीवर चढली होती. आत्या स्टुलावर उभ्या राहून खिडकीच्या गजांवर उडालेला रंग फडक्याने पुसत होत्या.

“या. बघ, धाकट्या, कसा वाटतोय? रंगारी म्हणत होता पांढरा द्या. म्हटलं, पांढरा दवाखान्याला.”

“छान आहे,” काका म्हणाले.

“छान आहे काय, नीट बघून सांग. काचा घासायचास तू.”

काकांनी बघितलं. रंगाकडे नाही, बुजवलेल्या भेगेकडे. तिच्या अगदी कडेने, ओल्या सिमेंटवर, एक नवी रेघ उमटली होती, केसाएवढी. त्यांनी त्यावर हात ठेवला.

“तिथे बोट नको लावूस. वाळायचंय.”

“ताई, आकडा चुकला होता.”

“कुठला?”

“आठवडाभराचा. डोंगर थांबला नव्हता.”

आत्या स्टुलावरून उतरल्या नाहीत. फडकं दुसऱ्या हातात घेतलं. “म्हणजे तुझी फणी खोटं बोलली.”

मान हलवायची वेळ हीच असावी, पण कुठल्या बाजूला ते मला अजून कळलं नव्हतं, म्हणून मी तोंड उघडलं. “फणी नाही, आत्या. मी बाहेरच्या डबीवर पिशवी घातली होती. पावसाची. ती काढायची राहिली.”

“कसली पिशवी?”

“शर्टाची.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “हाच का शर्ट?”

“हो.”

“शिवण बरी आहे. बाह्या लांब ठेवल्यात.”

मग त्या उतरल्या, स्टूल भिंतीशी सरकवलं आणि त्यावरच बसल्या. “खोलीला मी नाही म्हणून आले. शुक्रवारीच. माझ्याऐवजी खालच्या घरातल्या सुनेला दिली त्यांनी. दोन लहान पोरं आहेत तिला. बरंच झालं म्हणायचं.”

“आमच्याकडे चल,” काका म्हणाले.

“तुमच्याकडे पाय पसरायला जागा नाही. तुझी बायको कोपऱ्यात झोपते, तू दारात.”

“होईल काहीतरी.”

“मला एक सांग, धाकट्या. पिशवीच्या आधी तू मला रोज नेहमीएवढंच म्हणायचास. खरं किती होतं?”

काका सिमेंटवरच्या रेघेकडे बघत राहिले. आत्या थांबल्या. शिवणाऱ्या बाईची थांबायची तयारी मोठी असते. शेवटी काकांनी आकडे सांगायला सुरुवात केली. गेल्या महिन्याचा, त्याच्या आधीचा, अगदी आरसा लावला तिथपासूनचा, शेवटच्या अंकापर्यंत, एकही न गाळता. ते सगळे त्यांना पाठ होते. आत्या ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, “म्हणजे एक पिशवी या पोराची, आणि एक तुझी.”

 आत्यांनी आम्हाला चहा दिला. कप ठेवायला टेबल होतं, पण ते एका अंगाला कललं होतं, म्हणून आम्ही कप हातात धरून प्यायलो.

त्यानंतर काका फोनवर खरा आकडा सांगायला लागले. सगळे अंक. आत्या “ऐकलं” म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. उतारावरची घरं एकेक रिकामी होत गेली. काका रविवारी जायचे, समजवायचे, परत यायचे. मी विचारलं तर सांगायचे, “रंग अजून वाळला नाही म्हणते.” रंग वाळून उडायला लागला तरी हेच चाललं होतं. नगरपालिकेची माणसं दोनदा येऊन गेली. आत्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि त्यातल्या एकाच्या पॅन्टची उसवलेली शिवण जागच्या जागी घालून परत पाठवलं. मी सापडलो की म्हणायच्या, “काय पिशवीवाले, आज काय झाकलंत?”

शेवटी त्या निघाल्या, त्या कोणाच्या समजावण्याने नाही. न्हाणीघराचं दार लागेना आणि स्वयंपाकघराचं उघडेना. दोन्ही चौकटी वाकल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, “धाकट्या, टेम्पो बघ. मला आता माझ्याच घरात अंघोळ दार उघडं टाकून करावी लागतेय.”

टेम्पोवाला मीच शोधला. गावात उतारावर गाडी घालायला कोणी तयार नव्हतं. हा एकटा आला, गप्पिष्ट, दात पुढे, सतत खिडकीबाहेर कोपर. पहिल्या खेपेत भांडी, गाद्या, पेट्या गेल्या. कपाट आणि शिलाई मशीन राहिलं. दुसरी खेप ठरलेली नव्हती, आणि उतारावर थांबायलाही मनाई झाली होती, पण तो आपणहून परत वर आला. मशीन चढवताना म्हणाला, “तुम्ही लोक समोरून कंगव्याने हा डोंगर मोजता म्हणे?”

“तसंच काहीसं.”

“टक्कलवाले काका कंगवा धरतात आणि डोंगर मोजतात. मी पंपावर सांगितलं तर सगळे म्हणाले, तू सकाळीच घेतोस का. या खेपेचं मला काही नको. एकदा तो कंगवा दाखवा, म्हणजे झालं.”

“दाखवतो की,” मी म्हणालो. मशीनचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं, मी काहीही कबूल केलं असतं.

काकांच्या घरी पुढच्या खोलीत आत्यांची खाट आली. मशीनला जागा नव्हती, ते जिन्याखाली गेलं. पहिले काही दिवस त्या सगळ्यांना टोमणे मारत राहिल्या. खाटेला, भिंतीला, काकूंच्या पडद्यांच्या शिवणीला. मग ते कमी झालं. मी गेलो की पिशवीवाले म्हणायच्या, पण पुढचं वाक्य यायचं नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. फक्त काका कामावरून आले की तोंड न वळवता विचारायच्या.

“आज किती?”

घर रिकामं होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका सकाळी आरशातून उजेड परत आला नाही. मॅडमनी दुर्बिणीतून बघितलं. भिंत पुढे झुकली होती आणि आरसा खाणीकडे बघत होता. काकांनी विचारलं, मी जाऊन सरळ करून येऊ का. मॅडमनी फक्त त्यांच्याकडे बघितलं. तिथे आता कोणालाच सोडत नव्हते. मोजणी तिथेच संपली. फण्या मात्र चालू होत्या, एकमेकींवर दात धरून, दरीत उजेड सोडत, आणि समोरून कोणी उत्तर देत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी काकांबरोबरच त्यांच्या घरी गेलो होतो. काकांनी दार लावलं, आवाज न करता.

“आज किती?”

काकांनी एक आकडा सांगितला. शेवटच्या अंकासकट. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आत्या म्हणाल्या, “कालच्यापेक्षा कमी आहे.”

“हो. थोडं कमी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा आकडा सांगितला, तिसऱ्या दिवशी तिसरा. कुठून आणायचे कोणास ठाऊक. चांगले बेतलेले असायचे, खरे वाटावे असे, कधी थोडे जास्त, कधी कमी. मी जिन्यात त्यांना म्हणालो, “काका, हे किती दिवस?” ते म्हणाले, “तिला झोप लागते.” आत्यांना हे कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी आयुष्यभर लोकांची मापं घेतली होती. खोटं माप त्यांना ऐकूनच कळत असणार, असं काकूंना वाटायचं.

घर गेलं ते भर दुपारी, चहाच्या वेळी. मी खिडकीशी होतो. आवाज आधी आला नाही. आधी फणी सुटली. पडद्यावरचे दात एकदम थरथरले आणि विस्कटले, जसे बाहेरून भरलेला ट्रक गेल्यावर विस्कटायचे. मग पायाखालून काहीतरी हललं, आणि मग समोरच्या डोंगराचा एक तुकडा, त्यावरची पाच-सहा घरं, त्यातलं एक पिवळं, सगळं सावकाश खाणीत उतरलं. घाई नव्हती त्यात काही. धूळ वर आली आणि डोंगर दिसेनासा झाला. खाली कोणी माणूस नव्हतं, असं नंतर सगळे एकमेकांना सांगत होते.

मी काकांना हाक मारली. ते खिडकीकडे आले नाहीत. त्यांनी चहाचा कप ठेवला, फणीसमोर स्टूल ओढलं, आणि स्क्रू धरून गाठ मारायला बसले. मॅडम दारात आल्या, म्हणाल्या, “काका, राहू द्या.” काका म्हणाले, “सुटलीय ना.” बराच वेळ लागला.  शेवटी दात जागेवर आले, सगळे, एका ओळीत, सारख्या अंतरावर. बाहेर अजून धूळ होती. काकांनी ते दात बघितले, डबा उचलला आणि घरी गेले.

त्या दिवसापासून आत्यांनी विचारणं बंद केलं. काकू सांगतात, काका दारातून आत आले की थोडे थांबतात, चप्पल काढायला लागते त्यापेक्षा जास्त. पलीकडून काही येत नाही. मग ते आत जातात.

काकांनी स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. मॅडमनी खूप सांगून बघितलं. आता ते तिथे नट-बोल्ट, वायरी, बल्ब देतात. स्टोअरची लोखंडी कपाटं जुनी आहेत, उघडताना किंचाळतात, लावताना आपटावीच लागतात, आणि काका ती आपटतात. जिन्यातून ऐकू येतं. फण्या आता माझ्याकडे आहेत. संस्थेने त्यांचं तोंड दरीवरून वळवून कारखान्यांच्या धुराड्यांकडे केलंय, धुरात कुठला वायू किती ते बघायला. माझ्याकडून त्या आठवड्यातून एक-दोनदा सुटतात. बांधताना मला काकांइतकी घाई होत नाही, कारण धुराड्याला काही व्हायचं नाहीये.

टेम्पोवाला मला पेट्रोल पंपावर भेटतो. भेटला की खिडकीतून कोपर काढतो आणि विचारतो.

“साहेब, तो कंगवा राहिला बघायचा.”

“हो, राहिलाय खरा.”

“डोंगर मोजताना दाखवा म्हणजे झालं. धुराडं नको. धुराडं मी रोज बघतो.”

डोंगर मोजायला आता समोर आरसा नाही, आणि आरसा लावायला भिंत नाही, हे त्याला समजावून सांगायला हवं. मागच्या वेळी मागे गाड्यांची रांग होती, हॉर्न वाजत होते. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात या.